लातुरात ओल कुठून येणार?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि त्यात मला काही लाज वाटत नाही. पदवी इतिहासाची आहे, पण आमच्या घरात ती सगळ्या विषयांना लागू होते. विजेचं वाढीव बिल, पायावर उठलेलं करट, मोबाइलचा विसरलेला पासवर्ड, काहीही असो, माय म्हणते, "तू शिकलीस ना, मंग सांग." आणि मला नाही सांगता आलं, की म्हणते, "मंग यवढी वर्सं काय केलीस तिथं?"

त्यामुळे अण्णांच्या छातीचा प्रश्न आला तेव्हा तोही माझ्याकडेच आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी उमर लातूरच्या एका डाळ मिलमध्ये गेली. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पिवळं असायचं. अंगणात उभं राहून आधी टॉवेलनं अंग झटकायचे, मग आत. मी त्यांच्या मानेत नाक खुपसलं की तुरीचा वास यायचा. कुठं डाळ भाजली जात असली की लोकांना भूक लागते, मला वडील आठवतात.

मिल सुटली, वय झालं, आणि मागच्या काही वर्षांत त्यांना धाप लागायला लागली. पहाटेच उठून पलंगाच्या काठावर बसायचे. दोन्ही हात टेकून, खांदे वर करून, विहिरीतून पाणी शेंदावं तसा एकेक श्वास शेंदून काढायचे. छातीत डाळीचा भुसा बसलाय, असं स्वतःच सांगायचे, आणि जरा अभिमानानं सांगायचे. फौजेतला माणूस गोळीची खूण दाखवतो ना, तसं. मग त्यावर कुणी काय बोलणार? भुसा तर भुसा.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरची पत्र्याची, आतली स्लॅबची. आतल्या खोलीत अण्णांचा पलंग, आणि त्याच खोलीत नळ. बाहेरगावच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. झोपायच्या खोलीत नळ कोण घेतं? लातूरचा माणूस घेतो. ज्या साली आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली मायनं अंगणातल्या नळावरून भांडणं पाहिली, केली, आणि काही जिंकलीसुद्धा. पुढं जरा बरे दिवस आले तसं तिनं पहिलं काम केलं ते हे, की पाइप भिंतीतून फिरवून तोटी थेट आतल्या खोलीत घेतली. पाणी आलं की दार लोटून घ्यायचं आणि भरायचं. आपण किती भरलं ते कुणाला दिसायला नको.

पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे पलंगामागं भिंतीला चिकटून निळे ड्रम उभे. ड्रम सरकू नयेत म्हणून खाली पोती अंथरलेली. ड्रमांवर फळी, आणि फळीवर वाकळींची चळत. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, मायनं हातानं शिवलेल्या वाकळी, पार छताला टेकतील अशा. त्या भिंतीला एक खिडकीही होती. ती या सगळ्याच्या मागं गेली, आणि तिथं खिडकी होती हेही आम्ही विसरून गेलो. आत कायम अंधार आणि गारवा. उन्हाळ्यात येणारे पाहुणे म्हणायचे, काय थंडगार खोली हाय हो तुमची! माय खूश व्हायची. भरलेला ड्रम दिसला की तिला झोप लागते. मी तिला यावरून कधी हसले नाही आणि हसणार नाही, कारण रिकाम्या घागरी घेऊन तिच्याबरोबर टँकरमागं मी पण पळालेली आहे.

श्रावणात अण्णांना जास्तच व्हायला लागलं, तेव्हा मी त्यांना नांदेडला बोलावून घेतलं. माझं सासर नांदेडचं. नोकरी मुदखेडच्या बाजूला एका शाळेत, रोज रेल्वेनं जाऊन येऊन. आता आमच्याकडं जुन्या माणसांची रीत अशी, की लेकीच्या घरी मुक्काम टाकायचा नाही आणि टाकलाच तर तिचं फुकट खायचं नाही. अण्णा बसमधून उतरले ते एका हातात तुरीच्या डाळीची पिशवी आणि दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन.

"हे काय अण्णा?"

"माजं खाणं."

"नांदेडात डाळ मिळत न्हाई व्हय?"

"मिळत आसंल. लातूरची न्हाई."

माझा नवरा मोठा बिलंदर. रोज जेवायला बसलं की विचारायचा, "मामा, तुमच्यातलं वरण जरासं मी घेऊ का?" अण्णा मोठ्या मनानं म्हणायचे, "घ्या की जावईबापू, घ्या. लाजू नका."

छातीच्या डॉक्टरांनी अण्णांना नीट तपासलं, नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला. मग एकेक विचारायला लागले. विडी? सोडली. चूल? गॅस हाय. घरात कबुतरं, कोंबड्या? न्हाई. कुठं ओल आहे का, भिंतीला बुरशी वगैरे?

अण्णा हसले. हसता हसता खोकले. "डॉक्टरसाब, आमी लातूरचे. तिथं प्यायाला पाणी न्हाई, ओल कुठून येणार?"

डॉक्टर हसले. मी हसले. दारात उभा असलेला कंपाउंडरही हसला. तो प्रश्न तिथंच मिटला आणि आम्ही श्वासानं ओढायचा पंप घेऊन बाहेर आलो.

पंपाला अण्णा तयार नव्हते. "त्याची सवय लागती म्हणतेत."

मी म्हटलं, "श्वासाची लागलेलीच हाय, आता ह्याची लागली तर काय बिघडलं?"

घेतला पंप. आणि काय सांगू, दिवसागणिक माणूस बदलत गेला. पहाटेचं उठून बसणं बंद झालं. संध्याकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जायला लागले, तिथल्या म्हाताऱ्यांना डाळीच्या प्रती समजावून सांगायला लागले. सगळं श्रेय डॉक्टरांचं, असं आम्ही धरून चाललो. डाळ संपत आली तसे अण्णा चुळबुळायला लागले आणि पोळ्याला लातूरला निघून गेले.

घरी पोचून थोडे दिवस झाले नाहीत, तोच मायचा फोन. "बाई, पुन्ना तसंच. पहाटंच उठून बसून राहिलेत."

"पंप घेतात का?"

"माज्यासमोर घेतेत. पण नांदेडचं औषध लातुरात लागू पडंना बघ."

मी फोनवर हसले, पण फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. मग अण्णांशी बोलले. ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, पुढचं बोलायचे. म्हणाले, "तिकडं आलो की बरं... हिकडं आलो की हे. मंग मी काय करू? लेकीच्या दारात... पडून राहू का आता जन्मभर?"

आमच्या अण्णांनी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा उधार प्यायला नाही. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर पेपर तपासणारा माझा लाल पेन थांबला.

दिवाळीला मी माहेरी गेले. आतल्या खोलीत खाली अंथरूण घातलं आणि मायनं चळतीतली एक वाकळ ओढून माझ्या अंगावर टाकली. सकाळी उठले ती नाक चोंदून. डोळे चुरचुरत होते, घसा खरवडल्यासारखा. वाकळ घडी करताना तोंडाजवळ आली आणि मला तो वास आला. पावसाळ्यात डब्यात राहून गेलेल्या भाकरीचा.

"माय, ही हुंग बरं."

"काय हुंगू? वाकळीसारखी वाकळ."

तिला खरंच येत नव्हता वास. रोज त्यातच राहणाऱ्या माणसाला येत नाही. तेवढ्यात शेजारच्या चाची फराळाचं ताट परत द्यायला आल्या. मायची आणि त्यांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. मी वाकळ त्यांच्यापुढं धरली. चाचींनी हुंगली, ओढणी नाकाला लावली आणि मायकडं बघितलं.

"बोला की चाची."

"भाभी, गुस्सा नको करू. भाकरी बुरसल्यावानी हाय." आणि मग हळूच म्हणाल्या, "ह्या कमऱ्यात आलं की मला हमेशा येतो हा वास. मी समजले, तुमच्या लोणच्याची बरणी बिघडली."

"मंग इतकी सालं सांगितलं का न्हाई?" माय उसळली.

"लो! दुसऱ्याच्या घरचा वास कुनी सांगतं का भाभी? तू सांगितली असतीस मला?"

मायनं पदर खोचला.

आम्ही तिघींनी मिळून चळत उतरवली. वरच्या वाकळी ठीक, मधल्या गारढोण, आणि सगळ्यात खालच्या दोन उलटल्या तर पाठीवर हिरवे-काळे ठिपके, एकात एक मिसळलेले. फळी काढली. ड्रम रिकामे करून पुढं ओढले. आणि ती भिंत दिसली. जमिनीपासून कमरेइतकी काळी. चुलीच्या मागची भिंत असते तशी काळी, फक्त ही मऊ होती, आणि बोट लावलं तर बोट ओलं व्हायचं. पोती तर उचलताना हातात तुटून आली. या सगळ्यापासून अण्णांची उशी एका हातावर.

अण्णा दारात उभे होते. त्यांना खोकल्याची उबळ आली तसं मी आधी त्यांना बाहेर अंगणात नेऊन बसवलं.

आत आले तर माय पलंगावर बसून राहिलेली. म्हणाली, "ह्या घरात मी दोन्ही टाइम फरशी पुसते."

"म्हाईत हाय माय."

"महालक्ष्म्यांला बाया येतेत, म्हणतेत, हिच्या फरशीत तोंड दिसतं. आन् ह्या मानसाला मी हितं झोपवलं."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "घाण न्हाई गं ही. ओल हाय. घाण असती तर तू कवाच काढली असतीस." मग तिचा हात धरून मी तो पाइप भिंतीत शिरतो त्या जोडावर ठेवला. त्याच्या भोवतीचा गिलावा भुसभुशीत झाला होता. नळाला पाणी आलं की तेवढा वेळ तो जोड आतल्या आत झिरपायचा, आणि पुढचा आठवडाभर ड्रम, पोती, वाकळी मिळून ती ओल धरून ठेवायचे. वारा नाही, ऊन नाही. तोटी आत घेतली तेव्हापासून हे चाललेलं असणार.

मायनं त्या जोडावरून बोट फिरवलं. "पाणी कुणाचं वाईट करतं का गं?" ती म्हणाली. विचारत नव्हती, कुणाला तरी दोष देत होती, आणि दोष द्यायला पाणीच सापडलं होतं.

मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या वडिलांची छाती मिलच्या धुळीनं आधीच नाजूक केलेली आहे. बुरशीची बारीक भुकटी हवेत उडते, डोळ्यांना दिसत नाही, आणि अशा माणसाला ती श्वासातून गेली की नळ्या आवळतात. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, पण दम्याच्या माणसाला होतो. पंप चालूच ठेवा. साफसफाई त्यांच्यासमोर अजिबात करू नका. आणि मग ते वाक्य बोलले, "ती खोली कोरडी होत नसेल, तर त्यांना तिथं ठेवू नका."

हे मी मायला सांगितलं नाही. अण्णांना सांगितलं, कारण मी त्यांच्याशी कधी खोटं बोललेली नाही. ते अंगणातल्या बाजेवर बसले होते. म्हणाले, "मंग कोरडी कर."

दुसऱ्या दिवशी माझा नवरा येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेला. जाताना डाळीची पिशवी होतीच. बसस्टँडवर अण्णा म्हणाले, "दिवाळीला लेकी माहेराला येतेत. मी हाय की, लेकीच्या सासरला चाललोय." आणि चढले.

माझी सुट्टी त्या भिंतीत गेली. आधी नळवाल्याला बोलावून जोड बंद केला. तोटी पुन्हा अंगणात. यावर मायनं एक अख्खा दिवस माझ्याशी अबोला धरला. ओल येणं थांबवल्याशिवाय भिंत घासण्यात अर्थ नाही, हे तिला पटत होतं, पण तोटी बाहेर जाताना तिला जणू लेक पुन्हा सासरी चालल्यासारखं झालं. खिडकी उघडायला गेलो तर कडी गंजून बसलेली, ती हातोडीनं मोकळी केली. पंख्याचं तोंड खिडकीकडं केलं.

मायला भिंत खराट्यानं कोरडी खरवडून काढायची होती. मी थांबवलं, कोरडं खरवडलं की ती भुकटी घरभर उडणार. मग ती आतून ब्लीचिंग पावडर आणि संडासाच्या अ‍ॅसिडची बाटली दोन्ही घेऊन आली.

"दोन्ही मिळवून टाकू. बुराच काय, भिंत बी पळून जाईल."

"आपण बी पळून जाऊ माय. ही दोन एकत्र केली की विषारी वायू होतो. ठेव ते."

"हे इतिहासात होतं व्हय?"

"बाटलीवर लिहिलंय."

शेवटी साधं साबणाचं पाणी, ब्रश आणि फडकी. नाकाला मास्क, हातात मोजे, आणि मायच्या डोक्याला असा फडका बांधलेला की चाची दारातून म्हणाल्या, "या अल्ला, भाभी डाकू बनी!" ओली करून घासायची, पुसायची, पुन्हा साधं पाणी, पुन्हा कोरडी पुसायची. सुटलेला गिलावा ओला करून उतरवला. वापरलेली फडकी आणि पोती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकली. रंगवाला म्हणत होता, ऑइलपेंटचा एक हात मारतो, परत दिसणारच नाही. दिसणार नाही हे मला माहीत होतं. आजवर दिसलं नव्हतं म्हणूनच तर हे झालं होतं. त्याला म्हटलं, भिंत पार सुकू दे, मग चुना.

वाकळींवर मात्र खरी लढाई झाली. खालच्या दोन टाकायच्या, असं मी म्हटलं. माय म्हणाली, आधी मला टाक. एकीत तिच्या आईचं लुगडं होतं. मग तिनं स्वतःच कात्री घेतली, टाके उसवले, आतल्या कुजलेल्या चिंध्या काढून फेकल्या, आणि तेवढं लुगडं उकळत्या पाण्यात घालून, कडक उन्हात, दोन्ही अंगांनी वाळवलं. दुसरी वाकळ गेली. बाकीच्या धुऊन गच्चीवर पसरल्या, उलटल्या, पुन्हा पसरल्या. गच्चीवर आमचं सगळं खानदान वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

ड्रमांचा सौदा असा झाला. अर्धे अंगणात, पत्र्याखाली, झाकण घट्ट लावून. अर्धे बाहेरच्या खोलीत, लोखंडी घोडीवर, भिंतीपासून हातभर लांब, मागं झाडू फिरला पाहिजे असे. आतल्या खोलीत तांब्याभर पाण्याशिवाय काही नाही. मायनं अंगणातल्या ड्रमांना साखळी ओढून कुलूप घातलं.

चाची बघत राहिल्या. "भाभी, पानी को ताला? अंदर सोना रखे क्या?"

"सोनं न्यावं कुणी बी," माय म्हणाली. "पाणी न्हाई नेऊ द्यायची."

मी नांदेडला परतले. माय रोज सकाळी भिंतीवर तळहात ठेवून मला फोनवर सांगायची. आज गार लागली. आज जरा कमी. थंडीतलं ऊन त्या खिडकीतून किती तरी वर्षांनी आत आलं आणि त्यानं सावकाश आपलं काम केलं. तुरीची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, "बाई, आता नुसती भिंत लागती हाताला." मग चुना दिला. पलंग समोरच्या भिंतीला, खिडकीच्या वाऱ्यात.

अण्णा घरी जायला निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "पंप सोडायचा न्हाई. भुसा तो भुसाच हाय, तो काही मी धुतला न्हाई. आणि पुन्हा धाप लागली तर लगेच फोन करायचा. लपवायचं न्हाई."

"आन् लागली तर?"

मी पंप त्यांच्या खिशात ठेवला. त्यांनी मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं, मग हे घर त्यांचं राहणार नव्हतं.

पहिली रात्र ते आपल्या घरी झोपले, आणि सकाळी मी नांदेड स्टेशनवर मुदखेडच्या गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा फोन वाजला. माय. आवाज इतका बारीक, की मी दुसरा कान हातानं झाकला.

"बाई, आजून उठले न्हाईत."

"म्हणजे?"

"ऊन आलं अंगावर तरी उठले न्हाईत. कवाच असं झालं न्हाई. पहाटं बसलेले असतेत ना. मी चहा करून बसले. बोलवायला भ्या वाटून राहिलं मला."

प्लॅटफॉर्मवर माणसं पुढं सरकत होती. मी म्हटलं, "माय, आत जा. फोन हातातच राहू दे. त्यांच्या तोंडाजवळ धर."

तिची पावलं ऐकू आली. बांगड्या वाजल्या. मग काही क्षण काहीच नाही. मग एक मोठा, लांबलचक, खोल घोरण्याचा आवाज. त्यात धापेची शिट्टी नव्हती. थांबला, आणि तसाच पुन्हा आला. सावकाश, कुठंही न अडकता.

"घोरून राहिलेत गं," माय म्हणाली, आणि रडायला लागली.

तिच्या रडण्यानं पलीकडं काहीतरी हललं, पलंग करकरला, आणि अण्णांचा झोपेनं जाड झालेला आवाज आला, एका दमात, मध्ये कुठं न थांबता, "काय चाललंय सकाळी सकाळी, आं? माणसाला आपल्या घरात जरा झोपू बी देत न्हाईत!"